सुरामिन : एका औषधाचं शंभर वर्षांचं चरित्र

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. औषधाच्या रेणूवर काय बोलणार?’ प्रश्न रास्त आहे. मी रसायनशास्त्रज्ञ नाही, डॉक्टर आहे तो पीएचडीचा, त्यामुळे आज इथे कुणाला औषध सुचवलं जाणार नाही. पण माझ्या विषयात एक जुना प्रश्न आहे, आणि तो या औषधाच्या इतिहासात जितका स्वच्छ दिसतो तितका मला दुसरीकडे दिसलेला नाही. प्रश्न असा, की गुण कुठे राहतो?

आपण सहज म्हणतो, ‘या औषधाला गुण आहे’, ‘मला त्या औषधाचा गुण आला’. भाषा बघा. पहिल्या वाक्यात गुण औषधात आहे, दुसऱ्यात तो माझ्याकडे ‘आला’ आहे. मग तो नक्की कुणाचा? वैशेषिक दर्शनात गुण हा द्रव्याच्या आश्रयाने राहतो असं सांगितलंय. पण त्याच वैशेषिकांनी चोवीस गुणांच्या यादीत ‘संयोग’ नावाचा एक गुण ठेवलाय, आणि तो मात्र एका द्रव्यात राहत नाही, एकाच वेळी दोन द्रव्यांत राहतो. हा संयोग मनात ठेवा. आपल्याला पुढे लागणार आहे.

औषधाचं नाव सुरामिन. निद्रारोगावरचं औषध. आज शंभरीच्या पुढे गेलेलं आहे आणि अजून वापरात आहे. विसाव्या शतकातली फार थोडी कृत्रिम औषधं इतकी टिकली.

आधी रोग

गोष्ट सुरू होते ती जनावरांपासून, आणि तीही आपल्या उपखंडात. १८८० साली डेरा इस्माईल खान या ठिकाणी, म्हणजे आजच्या पाकिस्तानात, ग्रिफिथ इव्हान्स नावाचा लष्करी पशुवैद्य घोड्यांच्या आणि उंटांच्या एका रोगाचा तपास करत होता. रोगाचं स्थानिक नाव ‘सर्रा’. जनावर तापानं झुरतं, खंगतं, अंगावर सूज येते, मरतं. इव्हान्सनं आजारी घोड्यांचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर तांबड्या पेशींमध्ये वळवळणारे, चाबकासारखी शेपटी असलेले जीव दिसले. त्यानं म्हटलं, रोगाचं कारण हेच. वरिष्ठांना पटेना. कारण असेच जीव टिमथी लुईस यांना दोन वर्षं आधी भारतातल्या उंदरांच्या रक्तात दिसले होते, आणि ते उंदीर चांगले धडधाकट होते. पण इव्हान्स बरोबर होता. या जातीला पुढे त्याच्याच नावावरून ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय’ म्हणू लागले. ‘ट्रिपॅनॉन’ म्हणजे ग्रीक भाषेत गिरमिट, सुताराचं भोक पाडायचं हत्यार. ‘सोमा’ म्हणजे शरीर. गिरमिटासारखं शरीर असलेला तो ट्रिपॅनोसोम.

मग १८९५च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत झुलूलँडमध्ये डेव्हिड ब्रूस यांनी गुरांच्या ‘नगाना’ रोगात असाच जीव शोधला आणि तो त्सेत्से माशीमुळे पसरतो हे दाखवलं. त्यानंतर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला युगांडात व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी माणसांमध्ये निद्रारोगाची साथ आली. काही वर्षांत अडीच लाखांच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. १९०३मध्ये कास्तेलानी यांना रुग्णांच्या पाठीच्या कण्यातल्या द्रवात ट्रिपॅनोसोम सापडले. आधी परजीवी रक्तात असतो, ती पहिली अवस्था. मग तो मेंदूत शिरतो, माणूस दिवसा झोपतो, रात्री जागतो, भ्रमिष्ट होतो, आणि उपचार झाला नाही तर सहसा जगत नाही. ती दुसरी अवस्था. या दोन अवस्थांमधला फरक लक्षात ठेवा, औषधाचं नशीब त्यावरच ठरलंय.

आता हेही सांगितलं पाहिजे, की युरोपला या रोगाची इतकी काळजी का वाटली. करुणा होतीच, नाही असं नाही. पण आफ्रिकेची वाटणी नुकतीच झाली होती. माणसं मेली तर रबर कोण गोळा करणार, रेल्वे कोण बांधणार? घोडे आणि बैल मेले तर माल कोण वाहणार? म्हणून हा रोग साम्राज्याच्या हिशेबवहीत आला. १९०६-०७मध्ये खुद्द रॉबर्ट कॉख व्हिक्टोरिया सरोवरातल्या सेसे बेटांवर गेले आणि ‘ॲटॉक्सिल’ हे आर्सेनिकचं औषध रुग्णांना टोचू लागले. नावाचा अर्थ ‘विषारी नसलेलं’. त्या विषारी नसलेल्या औषधानं काही रुग्णांची दृष्टी कायमची गेली.

रंग

याच काळात फ्रँकफुर्टला पॉल एर्लिख वेगळ्या दिशेनं विचार करत होते. तरुणपणापासून त्यांना कापडाच्या रंगांचं वेड. पेशींवर रंग टाकला की तो सगळीकडे सारखा बसत नाही, एका भागाला धरतो, दुसऱ्याला सोडतो. एर्लिख म्हणाले, रंग जर निवड करू शकतो तर औषध का नाही? जो पदार्थ परजीवीला चिकटेल आणि माणसाला चिकटणार नाही, तो शोधायचा. त्यांची भूमिका होती की पदार्थ जिथे चिकटत नाही तिथे तो काम करत नाही.

१९०४ साली एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी कियोशी शिगा यांनी ‘ट्रिपॅन रेड’ हा लाल रंग उंदरांना टोचला आणि एका जातीच्या ट्रिपॅनोसोमचा संसर्ग बरा करून दाखवला. आमांशाच्या जंतूला ज्यांचं नाव आहे तेच हे शिगा. पण दुसऱ्या जातींवर ट्रिपॅन रेडचा उपयोग होईना. दोन वर्षांनी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये निकोल आणि मेस्निल यांनी ‘ट्रिपॅन ब्लू’ आणला.

आपल्यापैकी कुणाची मुलं-नातवंडं जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत असतील तर त्यांना विचारा. ट्रिपॅन ब्लू तिथे रोज लागतो. पेशी जिवंत आहेत की मेलेल्या हे मोजायला. जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही, मेलेली निळी होते. पण ‘ट्रिपॅन’ हा शब्द कुठून आला हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तो निद्रारोगाच्या शोधातला उरलेला शब्द आहे.

याच ट्रिपॅन ब्लूनं आणखी एक गोष्ट उघड केली. १९१३मध्ये एर्लिख यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी तो प्राण्यांच्या रक्तात टोचला, तर सगळं शरीर निळं झालं, मेंदू मात्र पांढराच राहिला. उलट तो मेंदूभोवतीच्या द्रवात टोचला तर फक्त मेंदू रंगला. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी तट आहे हे या प्रयोगांतून पक्कं होत गेलं. ज्या रंगाच्या घराण्यातून सुरामिन जन्माला आलं, त्याच घराण्यातल्या रंगानं सुरामिनला पुढे अडवणारी भिंत दाखवून दिली.

बायर २०५

रंगांची अडचण काय होती? ते रंग होते, हीच. जनावर बरं झालं तरी त्याचं मांस निळं. माणसाची कातडी रंगली तर कोण घेईल? म्हणून एल्बरफेल्ड इथल्या बायर कंपनीच्या रसायनज्ञांनी ठरवलं की रंगाची रचना ठेवायची पण रंग काढून टाकायचा. ऑस्कर ड्रेसेल, रिचर्ड कोठे, बर्नहार्ड हायमन ही ती माणसं. तयार झालेला प्रत्येक पदार्थ उंदरांवर तपासायचं काम विल्हेल्म रोएल यांच्याकडे. ते आधी एर्लिख यांच्याकडे काम केलेले. वर्षानुवर्षं पदार्थ करायचा, तपासायचा, बदलायचा, पुन्हा तपासायचा. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६-१७च्या सुमारास, त्यांच्या हाती एक पांढरट भुकटी लागली. पाण्यात सहज विरघळणारी, रंगहीन. तिला नाव दिलं ‘बायर २०५’.

युद्ध संपलं तेव्हा जर्मनीच्या हातात हे औषध होतं आणि ते वापरायला एकही वसाहत उरली नव्हती. व्हर्सायच्या तहात सगळ्या गेल्या होत्या. मग कॉख यांचे जुने सहकारी फ्रिडरिश कार्ल क्लाइने यांच्या नेतृत्वाखाली एक जर्मन पथक १९२१मध्ये आफ्रिकेत गेलं, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या उत्तर ऱ्होडेशियात आणि नंतर बेल्जियन काँगोत. औषध चाललं. पहिल्या अवस्थेतले रुग्ण बरे झाले.

आणि कंपनीनं सूत्र जाहीर केलं नाही.

इथे जरा थांबू. औषध आहे हे जगाला सांगितलं. ते काम करतं हे सांगितलं. ते काय आहे हे सांगितलं नाही. का? एक कारण व्यापाराचं. युद्धात जर्मन पेटंटं शत्रुराष्ट्रांनी जप्त केली होती आणि फ्रान्समध्ये तर औषधावर पेटंट मिळतच नसे. सूत्र सांगितलं की गेलं. दुसरं कारण राजकारणाचं. बायर २०५च्या बदल्यात जर्मनीला वसाहती परत मागता येतील अशी चर्चा त्या वर्षांत वसाहतवादी वर्तुळांत झाली, आणि तिचे पडसाद ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत उमटले. हा कंपनीचा किंवा सरकारचा अधिकृत प्रस्ताव होता असं मी म्हणत नाही. पण अशी कल्पना लोकांना सुचली, आणि दुसऱ्यांना ती खरी वाटली, हेच पुरेसं बोलकं आहे. औषधाला नाव काय दिलं? ‘जर्मेनिन’. देशाचं नाव औषधाला. पुढे १९४३ साली, हिटलरच्या राजवटीत, याच नावाचा प्रचारपट निघाला. दिग्दर्शक माक्स किमिश, गोबेल्सचे मेहुणे. विषय हाच, की जर्मनीनं आफ्रिकेला औषध दिलं आणि जगानं जर्मनीवर अन्याय केला.

या सगळ्या भांडणात ज्यांच्या शिरेत औषध गेलं त्यांचं काय मत होतं? आपल्याला त्यांचे आकडे मिळतात, ताप किती उतरला हे मिळतं, नावं क्वचित मिळतात. वसाहतीच्या वैद्यकाचा इतिहास वाचताना ही रिकामी जागा सतत जाणवते. औषध खरं होतं, माणसं खरोखर वाचली, आणि तरीही त्यांना विचारून काही झालं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या आहेत. एक धरून दुसरी सोडता येत नाही.

पॅरिसमधला तर्क

आता या इतिहासातला माझा आवडता भाग. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एर्नेस्ट फूर्नो नावाचे रसायनज्ञ होते. त्यांचं काही शिक्षण जर्मनीतच, एमिल फिशर यांच्यासारख्यांकडे झालेलं. त्यांनी विचार केला, कंपनीनं सूत्र लपवलंय, पण त्या दिशेला जाताना घेतलेली जुनी पेटंटं तर छापील आहेत! त्या पेटंटांत नॅप्थलीनच्या सल्फोनिक आम्लांपासून केलेले, युरियानं जोडलेले कितीतरी पदार्थ होते. म्हणजे खजिन्याची खोली माहीत आहे, पेटी कोणती ते माहीत नाही.

फूर्नो, त्यांचे सहकारी झाक आणि तेरेझ त्रेफुएल हे दांपत्य, आणि व्हाले, यांनी एकेक पदार्थ करून तपासायला घेतला. पदार्थात थोडा बदल केला की परिणाम किती बदलतो याची नोंद ठेवायची, आणि त्या उतारावरून शिखर कुठे असेल याचा अंदाज बांधायचा. न्यायशास्त्रात ज्याला आपण अन्वय-व्यतिरेक म्हणतो तेच. हे असलं की ते असतं, हे नसलं की ते नसतं. मिथाईल गट ठेवला तर गुण दिसतो, काढला तर पडतो. १९२४मध्ये त्यांनी ‘३०९’ क्रमांकाचा पदार्थ रचनेसह प्रसिद्ध केला. तो आणि बायर २०५ एकच आहेत हे नंतर कंपनीलाही मान्य करावं लागलं.

फ्रान्समध्ये तो ‘मोरानिल’ झाला, इंग्लंडमध्ये ‘अँट्रिपॉल’, जनावरांसाठी ‘नागानॉल’. रेणू एकच, नाव मालकाप्रमाणे. आणि याच प्रयोगशाळेनं अकरा वर्षांनी, १९३५मध्ये, बायरच्याच ‘प्रॉन्टोसिल’ या लाल औषधातला खरा कार्यकारी भाग साधा, रंगहीन सल्फॅनिलामाइड आहे हे दाखवलं. तेव्हाही त्रेफुएल दांपत्य होतंच.

लपवलेलं सूत्र उघड करणं ही चोरी होती का? कायद्याचं उत्तर देशागणिक वेगळं. माझं म्हणणं एवढंच, की फूर्नो यांनी कुणाची कुलपं फोडली नाहीत. निसर्ग दोघांनाही सारखंच उत्तर देतो, म्हणून त्यांना ते मिळालं. कंपनी स्वतःचा दस्तऐवज लपवू शकते, पण रेणूला ‘गप्प बस’ असं सांगू शकत नाही.

गुण कोणते?

आता रेणूकडे येऊ. फळ्याशिवाय सांगतो. कपाटात ठेवतो त्या डांबराच्या गोळ्या आठवा. त्यातलं नॅप्थलीन म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन षटकोनी कडी. सुरामिनच्या दोन्ही टोकांना असं एकेक नॅप्थलीन आहे, आणि प्रत्येकावर तीन-तीन सल्फोनिक गट. एकूण सहा. मधल्या साखळीत बेंझीनची चार कडी, आणि बरोबर मध्यभागी युरियाचा सांधा. मध्यावर आरसा धरला तर डावी बाजू म्हणजे उजवी बाजू. वस्तुमान साधारण १३००, ॲस्पिरिनच्या सातपट.

ते सहा सल्फोनिक गट म्हणजे शरीरातल्या पाण्यात सहा ऋण भार. औषधाचे जवळजवळ सगळे गुण-दोष इथून निघतात. इतका भारित आणि थोराड रेणू आतड्यातून शोषला जात नाही, म्हणून गोळी नाही, शिरेतून इंजेक्शनच द्यावं लागतं. रक्तात गेल्यावर तो प्रथिनांना चिकटतो, ९९ टक्क्यांहून अधिक. म्हणून शरीरातून फार हळू बाहेर पडतो. निम्मा कमी व्हायला सुमारे दीड महिना लागतो. पारंपरिक उपचारात आधी छोटा चाचणी-डोस, मग आठवड्याला एक ग्रॅमपर्यंत, अशी पाच इंजेक्शनं. इतका काळ टिकतो म्हणून एके काळी ते आधीच टोचून प्रतिबंधासाठीही वापरलं गेलं. पण मूत्रपिंडावर ताण येतो, कातडीवर पुरळ येतो, मोठ्या प्रमाणात दिलं तर नसांना आणि अधिवृक्क ग्रंथींना इजा होते. आणि तीच सहा भारांची गोष्ट : मेंदूच्या भिंतीतून ते आत जाऊ शकत नाही. म्हणून दुसऱ्या अवस्थेतल्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही.

मग ते परजीवीलाच का मारतं? एर्लिख यांच्या कल्पनेप्रमाणे ते फक्त परजीवीला चिकटत असलं पाहिजे. पण वस्तुस्थिती उलटी आहे. सुरामिन कशालाही चिकटतं. परीक्षानळीत ते कितीतरी एन्झाइमं अडवतं, परजीवीची आणि आपलीही. तरी आपण वाचतो आणि ट्रिपॅनोसोम मरतो. का? २०१२मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी परजीवीची जनुकं एकेक करून मंद केली आणि पाहिलं, कोणतं मंद केल्यावर औषध लागू पडत नाही. हाही अन्वय-व्यतिरेकच, फक्त हजारो जनुकांवर एकदम. त्यातून दिसलं की परजीवीच्या पृष्ठभागावर एक विशिष्ट प्रथिन आहे, ते सुरामिनला पकडून आत नेतं. ट्रिपॅनोसोम भोवतालचं रक्तद्रव्य अतिशय झपाट्यानं आत ओढतो, खातो. आपल्या पेशी इतकं आत घेत नाहीत. म्हणजे औषध परजीवीला निवडत नाही, परजीवीच औषधाला आत घेतो.

आता त्या संयोगाकडे या. सुरामिनचा ‘परजीवीनाशक’ हा गुण भुकटीच्या बाटलीत आहे का? बाटलीत सहा भार आहेत, वजन आहे, विद्राव्यता आहे. परजीवीनाशकता मात्र त्या रेणूत आणि त्या जीवाच्या खाण्याच्या सवयीत मिळून राहते. एकाला काढलं की ती उरत नाही. वैशेषिकांना रसायनशास्त्र ठाऊक होतं असं मी मुळीच म्हणत नाही, तसले दावे मला आवडत नाहीत. पण ‘काही गुण दोघांत मिळून असतात’ ही जागा त्यांनी विचारात मोकळी ठेवली होती, आणि ती आपल्याला वापरता येते.

प्रयोगशाळेतला सोबती

प्रयोगशाळेत सुरामिनचं दुसरं आयुष्य सुरू झालं ते याच चिकट स्वभावामुळे. पेशीला वाढ सांगणारी प्रथिनं पेशीपर्यंत पोचू न देणं, पेशीच्या पडद्यातले जी-प्रथिनांचे सांधे सोडवणं, अशा कितीतरी प्रयोगांत ते वापरलं गेलं. एक उदाहरण घेतो. जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२मध्ये मांडलं होतं की एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, हे काही नसांमध्ये निरोप पोचवण्याचंही काम करतं. बऱ्याच जणांना हे पटत नव्हतं. सिद्ध करायचं तर एटीपीचा निरोप अडवणारा पदार्थ हवा. १९८८मध्ये डन आणि ब्लेकली यांनी उंदराच्या शुक्रवाहिनीवर दाखवलं की सुरामिन हा निरोप अडवतं, आणि धुऊन काढलं की निरोप पुन्हा जातो. त्या क्षेत्रात ते अनेक वर्षं कामाचं हत्यार ठरलं.

पण यात एक मेख आहे. जी किल्ली पन्नास कुलपं उघडते, ती लावल्यावर दार उघडलं तर त्यावरून कुलूप कोणतं होतं हे कळत नाही. सुरामिन टाकल्यावर परिणाम थांबला, म्हणून एटीपीच जबाबदार, असं म्हणता येत नाही. इतर पुरावा जोडीला लागतो. तर्कशास्त्रात आपण याला अनैकान्तिक हेतू म्हणतो. धूर आहे म्हणून अग्नी आहे, हे चालतं. अग्नी आहे म्हणून धूर आहे, हे चालत नाही, कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. चांगल्या संशोधकांनी हे भान ठेवलं आणि पुढे अधिक नेमके पदार्थ तयार केले.

नळीतून माणसात

हे भान जिथे सगळ्यात महाग पडतं ती जागा म्हणजे रुग्णालय. १९७९मध्ये एरिक द क्लर्क यांनी दाखवलं की सुरामिन हे रेट्रोव्हायरसचं रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज एन्झाइम अडवतं. पाच वर्षांनी एड्सचा विषाणू नुकता सापडला होता, हातात एकही औषध नव्हतं, आणि अमेरिकेत हिरोआकी मित्सुया, सॅम्युएल ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की परीक्षानळीतल्या पेशींना सुरामिन या विषाणूपासून वाचवतं. १९८५मध्ये ते रुग्णांना दिलं गेलं. काहींच्या रक्तातला विषाणू कमी दिसला. रुग्ण सुधारले नाहीत, विषबाधा मात्र झाली. तो मार्ग सोडावा लागला. पण त्याच गटानं लगेच दुसरा पदार्थ हाती घेतला, एझेडटी, आणि १९८७मध्ये तो एड्सवरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध ठरला. एन्झाइम अडवायचं हा विचार बरोबर होता. त्यासाठी घेतलेला रेणू चुकीचा होता.

नंतर पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेत मान्यता मिळाली नाही. २०१७मध्ये कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट नॅव्हिओ यांच्या गटानं ऑटिझम असलेल्या १० मुलांवर छोटी चाचणी केली. पाच जणांना सुरामिनचा एकच डोस, पाच जणांना नुसतं मिठाचं पाणी. औषध मिळालेल्या मुलांत काही सुधारणा नोंदल्या गेल्या, आणि बातमी जगभर गेली.

मंडळी, इथे मला अगदी सावकाश बोलायचं आहे. कारण हे व्याख्यान पुढे इंटरनेटवर जाईल आणि ऐकणाऱ्यांत अशा मुलांचे आई-वडील असतील. पाच मुलं म्हणजे पाच मुलं. त्या संशोधकांचा प्रश्न गंभीर होता आणि तो विचारायचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पण आज ऑटिझमवर सुरामिन हा मान्य उपचार नाही. ते शिरेतून द्यायचं, महिनोन्‌महिने शरीरात राहणारं, मूत्रपिंडाला त्रास देऊ शकणारं औषध आहे. एकदा दिलं की परत काढून घेता येत नाही. कुणी ‘सुरामिनसारखा’ म्हणून एखादा काढा किंवा भुकटी विकत असेल तर दार लावून घ्या. आशा ही माणसाची मोठी शक्ती आहे, आणि म्हणूनच तिचा बाजार होतो.

नळीत गुण दिसला, म्हणजे त्या नळीतल्या संयोगाचा गुण दिसला. माणूस हा वेगळा संयोग आहे. त्याला यकृत आहे, रक्तातली प्रथिनं आहेत, मेंदूभोवती भिंत आहे. प्रत्येक पायरीवर नव्यानं सिद्ध करावं लागतं. आधीच्या पायरीचा गुण पुढे आपोआप वारसाहक्कानं येत नाही.

चंद्रपूर

शेवटी आपल्या महाराष्ट्रात येऊ. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला काही महिने ताप येत-जात होता. रक्ततपासणीत वळवळणारे ट्रिपॅनोसोम दिसले. भारतात माणसाला निद्रारोग होत नाही, त्सेत्से माशी इथे नाही. मग हे काय? तपासाअंती कळलं की हा इव्हान्सचाच जीव, ‘सर्रा’चा. आपल्याकडे गोमाश्या चावून तो जनावरांत पसरतो. सूक्ष्मदर्शक आणि जनुकीय तपासणी या दोन्ही मार्गांनी नक्की झालेली माणसातली ही पहिली नोंद. नागपूरच्या डॉक्टरांनी ती शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली.

उपचार काय? कण्यातल्या द्रवात परजीवी नव्हता, म्हणजे भिंत ओलांडली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेकडून सुरामिन आलं. माणूस बरा झाला.

आणि खरा प्रश्न पुढे आहे. गुराढोरांत राहणारे लाखो लोक आहेत, गोमाश्या सगळ्यांनाच चावतात, मग यालाच का झालं? आपल्या रक्तात ‘अपोएल-वन’ नावाचं प्रथिन असतं, ते या परजीवीला मारतं. ब्रुसेल्सच्या संशोधकांनी २००६मध्ये दाखवलं की या माणसाच्या दोन्ही जनुकप्रतींत दोष होता, त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. परीक्षानळीत ते घातलं, तर त्याच रक्तद्रव्यात परजीवी मरू लागले. त्याच्या गावातल्या १८०६ लोकांची तपासणी झाली. काहींच्या रक्तात संपर्काच्या खुणा मिळाल्या, पण तपासलेल्यांपैकी कुणाच्याही रक्तात परजीवी सापडला नाही.

म्हणजे ‘सर्रा माणसाला होत नाही’ हा जो गुण आपण परजीवीला चिकटवला होता, तोही परजीवीचा नव्हताच. तो दोघांचा मिळून होता, आणि एका माणसात त्यातलं एक टोक नव्हतं. एर्लिख, कॉख, फूर्नो या मोठमोठ्या नावांपेक्षा या एका शेतकऱ्याच्या रक्तानं हा मुद्दा मला अधिक स्पष्ट समजावून दिला.

आज सुरामिन बायर कंपनी जागतिक आरोग्य संघटनेला विनामूल्य देते. एके काळी ज्याच्या बदल्यात वसाहती मागण्याची भाषा झाली ते औषध आज फुकट मिळतं. निद्रारोगाची जगातली नोंद अलीकडे वर्षाला हजाराच्याही खाली आली आहे. पूर्व आफ्रिकेतल्या प्रकारावर आता फेक्सिनिडाझोल ही तोंडानं घ्यायची गोळी आली आहे, आणि ती मेंदूतल्या अवस्थेवरही चालते. त्यामुळे हा शंभरीचा म्हातारा आता निवृत्तीच्या वाटेवर आहे. पण कुठल्यातरी जिल्ह्यात पुन्हा एखाद्याच्या रक्तात तो गिरमिट दिसला, तर कपाटात ही भुकटी असायला हवी. जिथे रुग्ण थोडे आणि गरीब असतात तिथे बाजार औषध ठेवत नाही. ते ठेवायचं की नाही हे तुम्ही-आम्ही, म्हणजे समाजानं ठरवायचं असतं.

वेळ संपत आली आहे. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा. औषधाच्या डोसाबद्दल मात्र नको, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.